ही घरी परत आलेली नाही

१२ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं. पत्र लगेच फोडता आलं नाही, हात प्लॅस्टरने भरले होते. ते धुतले, पुसले आणि कामाच्या टेबलापाशीच बसून वाचलं. आमच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये सगळे होते.  मालकीणबाईंनी फक्त उठून पंखा बंद केला, कागद उडू नये म्हणून.

उत्तर लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. तुमच्या भावाशी काडीमोड झाल्यावर तुम्ही माझ्या नणंद राहिला नाहीत, हे कागदोपत्री खरं आहे. पण यापुढे तुम्हाला काय म्हणायचं ते त्या कागदांत कुणी लिहून दिलं नव्हतं. म्हणून मी आपली ताईच म्हणते. खटकलं तर कळवा.

तुमच्या यजमानांचं, कप्तानांचं, वाचून वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाने पुरातसुद्धा फेरीबोट हाकली, त्यांना भर नदीत, स्वच्छ उन्हात अशी धडकी भरावी. सुकाणूवरचे हात बधिर झाले, श्वास कोंडला, आता मरतोच असं वाटलं, आणि मदतनीसाने बोट काठाला लावली. दवाखान्यात हृदय ठणठणीत निघालं. आणि तेव्हापासून ते धक्क्याकडे फिरकत नाहीत. तुम्ही लिहिता, "तू यातून बरी झालीस. कशी झालीस ते सांग, तेवढं करू."

तेवढंच असतं तर पोस्टकार्डावर मावलं असतं. भीती वाटते त्या जागी जायचं, पळून यायचं नाही, थांबायचं. भीती चढते, खूप चढते, आणि कंटाळल्यासारखी आपली आपण उतरते. असं पुन्हा पुन्हा, सवय होईपर्यंत. मला ते समुपदेशकांनी शिकवलं. माझी सुरुवात लिफ्टमध्ये झाली होती. मग दुकानांत जाणं बंद झालं, मग बस, आणि शेवटी घराचा उंबरठा. तुमचा भाऊ त्या काळात फार चांगला वागला, हे मी कुणापुढेही सांगेन. कामावरून यायचा आणि बूट न काढताच म्हणायचा, "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." मी कोपऱ्यावर दिव्याचा खांब धरून उभी राहायचे आणि तो शेजारी उभा राहून शिट्टी वाजवायचा, जसं काही आम्ही बसचीच वाट बघतोय. हळूहळू मी खरंच बसने कामावर जायला लागले. त्या आनंदात त्याने शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं.

सगळ्यांच्या मते गोष्ट तिथे संपली. सराव मात्र सोडू नका, असं मला बजावलं होतं. आणि मी नेमका तोच सोडला. आधी मी घाबरून घरात बसायचे. आता उठायचं कशासाठी तेच कळेनासं झालं. "मला जमणार नाही" हे गेलं आणि त्याच्या जागी "जमवायचं तरी कशाला" येऊन बसलं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, बाई घरात बसलीये. सराव सुटला तशी भीतीही मागच्या दाराने आत आली. तुमचा भाऊ म्हणाला, "एवढं सगळं केलं, आणि पुन्हा तिथेच?" त्याचंही खरं होतं.

त्याच दिवसांत तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आलात. एक दिवस डोळ्यावर पट्टी असताना तुम्ही हट्टाने स्वयंपाक केलात आणि भाजीत दोनदा मीठ पडलं. तुमच्या भावाने पहिला घास बाहेर काढला. मी निमूटपणे ताट संपवलं. तुम्ही उघड्या डोळ्याने माझ्याकडे किती वेळ पाहत राहिलात, आठवतं? मला वाटलं, तुम्हाला ओशाळल्यासारखं झालंय.

त्या आठवड्यात तो कामात होता म्हणून माझ्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे तुम्ही माझ्याबरोबर आलात. दाराजवळच्या स्टुलावर बसलात. बाईंनी विचारलं, "भीतीचे झटके?" मी म्हटलं, "आधीपेक्षा कमी." "छान," म्हणून त्या लिहायला लागल्या. तेव्हा तुम्ही मागून बोललात, "डॉक्टर, मला यातलं काही कळत नाही. पण हिची भीती कमी झाली असेल, ही घरी परत आलेली नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

पुढचं पुन्हा लिहीन. तोवर कप्तानांना इतकंच सांगा की झटक्याने माणूस मरत नाही. त्यांना पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं. तरी सांगा.

— तुम्हाला अजून ताई म्हणणारी

९ फेब्रुवारी

ताई,

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ तुम्ही इतकी बारीक लिहिलीत की भिंग घ्यावं लागलं. आमच्याकडे भिंगांना तोटा नाही. "तुमचं घर माझ्या बोलण्यामुळे मोडलं, हे मला ठाऊक आहे."

म्हणून तुम्ही गप्प होतात? मला वाटायचं, भावाच्या बाजूने उभं राहायचं म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. त्यात वावगं काही नव्हतं, म्हणून मीही कधी फोन केला नाही. दोघीही आपापल्या समजुतीत बसून राहिलो.

आता नीट ऐका. तुम्ही बोललात आणि डॉक्टरबाईंनी मला पहिल्यांदा दुसरे प्रश्न विचारले. भूक कशी आहे, चव लागते का, हातातलं काम आवडतं का. मग म्हणाल्या, "सकाळी जाग आल्यावर पहिलं काय वाटतं?" मी म्हटलं, "जाग का आली, असं वाटतं." इतकं सहज म्हटलं की तुम्ही स्टुलावरून उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिलात. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी आठवत मागे मागे गेले. लिफ्टच्या आधी. लग्नाच्याही आधी. शाळा सुटता सुटता कधीतरी. भीती मागाहून आली होती, आणि तिने इतका गोंधळ घातला की तिच्याआधीपासून मुकाट बसलेल्या नैराश्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. माझंही नाही. मला वाटायचं माझा स्वभावच असा आहे.

बाई म्हणाल्या, नुसत्या भीतीवर उपचार करून तुम्ही चाललात तेच कौतुकाचं आहे, पण असं फार काळ टिकत नाही. दोन्हींवर बरोबरच काम करावं लागेल आणि वेळ लागेल. औषध बदललं. सराव पुन्हा सुरू झाला, पण आधी अंघोळीपासून. रोज वेळेवर अंघोळ, एका माणसाला भेटणं, एक काम हातावेगळं करणं, मन असो वा नसो. मला ते पोरकट वाटलं होतं. कोपऱ्यापर्यंत पुन्हा चालत गेले ते त्यानंतर.

घरी आल्यावर तुम्ही भावाला सगळं सांगितलंत. तो तुमच्यावर उखडला. "तू येईपर्यंत घर ठीक चाललं होतं," म्हणाला. तुम्ही डोळ्याची पट्टी निघायच्या आधीच बॅग भरलीत. त्याला राग तुमचा आला नव्हता, ताई. आपली बायको रोज सकाळी डोळे उघडते आणि तिला ते नको असतं, हे त्याला बहिणीकडून कळलं, ते लागलं. माझ्या भीतीला तो हात धरून कोपऱ्यापर्यंत नेऊ शकत होता. याला कुठे न्यायचं, ते त्याला कळेना. त्याने पुष्कळ प्रयत्न केले, आणि थकला. मी सुधारत होते तशी मलाही दिसायला लागलं की आम्ही एकमेकांचे रुग्ण आणि नर्स होतो, दुसरं काही उरलं नव्हतं. आम्ही आदळआपट न करता वेगळे झालो. माझं कपाट त्यानेच नव्या खोलीपर्यंत चढवून दिलं आणि बिजागरी कुरकुरते म्हणून तेलही घातलं.

तेव्हा घर मोडलं याचा आळ स्वतःवर घेऊ नका. तुम्ही बोलला नसतात तर कदाचित घर राहिलं असतं. मी राहिले असते की नाही, ते सांगता येत नाही. इतकी वर्षं हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि पत्ता असूनही सांगितलं नाही. आता सांगते. मी तुमची फार ऋणी आहे.

एक विचारू का? पहिल्या पत्रात तुम्ही ओघात लिहिलं होतं, "झोप यावी म्हणून संध्याकाळी थोडी घेतात, बाकी काही नाही." ती थोडी किती, आणि ती झटक्याच्या आधीपासून आहे की नंतर वाढली? आमच्या उपचाराच्या गटात एक टायपिस्टबाई होत्या. बाहेर पडायच्या आधी एक घोट घ्यायच्या. बाजार, लग्नकार्य, सगळीकडे जायच्या आणि तरी भीती तसूभर हलत नव्हती. कारण त्या एकदाही तिच्यासमोर शुद्धीत उभ्या राहिल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की दारू उतरताना भीती आणखी चढते, म्हणजे औषध म्हणून घ्यायची तीच दुखणं वाढवत होती. कप्तानांचं तसं असेलच असं नाही. पण त्यांनी डॉक्टरांना हे सांगितलंय का?

२८ मार्च

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. एकच वाक्य. "आमच्या घरात कुणी दारुडं नाही."

दिवसभर ते एप्रनच्या खिशात होतं. दुपारी मेणात दात बसवताना वरची पूर्ण ओळ वाकडी बसवली आणि मालकीणबाई म्हणाल्या, "या आजोबांना हसवायचंय, घाबरवायचं नाहीये." मी मेण वितळवून पुन्हा सुरुवात केली. मनात एकच होतं, इतक्या वर्षांनी ताई मिळाल्या आणि मी तोंड उघडून घालवल्या.

पण मग त्या स्टुलाची आठवण झाली. तुम्ही दाराजवळून बोललात तेव्हा तुम्हालाही हे ठाऊक असणार की भावाला आवडणार नाही. तरी बोललात. तुम्ही बोलला नसतात तर मी म्हटलं असतं, "मला नाही हो काही झालेलं." खरं सांगायचं तर त्या दिवशी रिक्षात मीही तुमच्याशी बोलले नाही. मला तुमचा राग आला होता. माझं झाकलेलं भांडं तुम्ही चारचौघांत उघडलंत असं वाटलं.

म्हणून मी माझं बोलणं मागे घेत नाही. "दारुडं" हा शब्द मी वापरला नव्हता आणि वापरणारही नाही. भल्या माणसाने भीती दाबायला हाताला लागलं ते घेतलं, एवढंच मला दिसतंय. मी लांब आहे, चुकतही असेन. चुकले तर आनंदच होईल. पण डॉक्टरांना त्यांनी सांगायला हवं. आणि जर घेत असतील, रोज घेत असतील, तर तुम्ही रागाच्या भरात बाटली मोरीत ओतू नका. एकदम थांबवलं तर शरीराला धोका असतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. हे टायपिस्टबाईंनीच आम्हाला सांगितलं होतं.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी मी लिहीत राहीन. तुम्हाला वाचायचं नसेल तर पाकीट उशीखाली टाकून ठेवा.

१७ जून

ताई,

काल तुमचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्यापाशी होते. तुमचा आवाज ऐकून पिशवी तिथेच विसरले. आज त्याने ती राखून ठेवली होती, वर म्हणाला, "कुणाचा फोन होता, लॉटरी लागली का?"

तर कप्तानांनी तुमचं कार्ड आधीच वाचलं होतं. टाकायच्या आधी. आणि काही बोलले नाहीत. मग डॉक्टरांकडे तुम्ही नेहमीसारखं "बाकी काही नाही" म्हणायला तोंड उघडलंत, आणि तेच म्हणाले, "हिला माहीत नाही. बोटीच्या पेटीतही एक असते." तुम्ही सांगताना हसलात आणि लगेच रडलात. फोनवर म्हणायचं राहिलं ते आता लिहिते. ते वाक्य बोलायला त्यांना पूर ओलांडण्याहून जास्त बळ लागलं असेल.

दवाखान्यात ठेवून सोडवली ते उत्तम झालं. आता झोपेसाठी वेगळा उपाय आहे, भीतीसाठी सराव आहे, आणि दोन्हीकडे बघणारे डॉक्टर एकच आहेत, हे नशीब समजा. मला तसे मिळायला वर्षं गेली. ते धक्क्यापर्यंत जाऊन उभे राहतात आणि घामाघूम होऊन परत येतात, असं तुम्ही काळजीने सांगितलंत. ताई, तीच तर प्रगती आहे. पूर्ण शुद्धीत घाम फुटतोय. फुटू द्या. तुम्ही फक्त शिट्टी वाजवा.

मी ठणठणीत आहे. माझी काळजी करू नका.

३० सप्टेंबर

ताई,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खरी नव्हती. तेव्हाच थोडं सुरू झालं होतं. तुम्ही इतक्या आनंदात होतात की मला मध्ये यायचं नव्हतं.

यावेळी मला ते कामावर कळलं. आम्ही दात निवडताना छटा बघतो. कुणाचे पिवळसर, कुणाचे राखाडी, माणसाच्या वयाला शोभतील असे. मला त्यात मजा येते. एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस मी डब्यात हात घालून येतील ते दात उचलतेय. कुणी तक्रार केली नव्हती. मलाच दिसलं. मग आठवलं की जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर जाणंही सोडलंय. पूर्वी एकापाठोपाठ दुसरं असंच आलं होतं.

त्याच दिवशी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या चिडल्या नाहीत, त्यांना आश्चर्यही वाटलं नाही. म्हणाल्या, "दोन दुखणी एकत्र नांदली की त्यांना अधूनमधून माहेरपण हवं असतं. लवकर ओळखलंत, हे फार झालं." माझ्याच्याने हसवलं नाही, पण त्यांचा विनोद कळला, याची नोंद घेतली. औषध थोडं वाढवलंय. पुन्हा अंघोळीपासून सुरुवात.

मला वाईट याचं वाटत होतं की मी तुम्हाला "बरी कशी झाले" ते सांगत होते आणि इकडे हे. सगळं फोल वाटलं. मग बाईंनी विचारलं, "गेल्या खेपेला किती काळ कुणाला कळलं नव्हतं?" मी म्हटलं, "बरीच वर्षं." "आणि यावेळी?" मी बोटांवर महिने मोजले. एका हाताची बोटं पुरली.

हे मी तुम्हाला सर्वांत आधी सांगतेय. सल्ला नकोय. जमलं तर या. नाहीतर मला बोलवा.

१४ डिसेंबर

ताई,

सुखरूप पोचले. तुम्ही दिलेली शाल बसमध्ये बाजूच्या बाईंना इतकी आवडली की मी ती पोचेपर्यंत घट्ट धरून बसले.

महिनाभर तुम्ही मला ठेवून घेतलंत. पहिले काही दिवस मी नुसती खिडकीपाशी बसत होते आणि तुम्ही "काय झालं" असं एकदाही विचारलं नाहीत. कोथिंबीर निवडायला माझ्यापुढे ढीग टाकत गेलात. एका दुपारी मी म्हटलं, "आमटी आळणी झालीये," आणि तुम्ही पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात पळालात. कप्तान घाबरून म्हणाले, "अहो, आळणी तर आळणी, रडायचं काय त्यात?" त्यांना मिठाची गोष्ट ठाऊक नव्हती. मी नंतर सांगितली.

आता परवाचं. तुम्हाला जे दिसलं नाही ते सांगायलाच हे पत्र. कप्तान माणसं घेऊन पहिल्यांदा पलीकडे जाणार म्हटल्यावर तुम्ही धक्क्यावर नदीकडे पाठ करून उभ्या राहिलात. मी बोटीत बसले. माझंही नाव सरावात घातलं होतं, पाणी आणि गर्दी दोन्ही होतं ना. मदतनीस शेजारीच उभा होता, लागलं तर सुकाणू घ्यायला.

मधल्या प्रवाहात कप्तानांची मान ताठ झाली. मी जवळ गेले. ते समोर बघत हळूच म्हणाले, "आलं."

मी म्हटलं, "मलाही आलंय."

"मग?"

"येऊ दे. तुम्ही हाका."

"तू काय करतेस?"

"मी उभी आहे."

 बोट चालत होती. कपाळावरून घाम गळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी शालीने पुसला. एक म्हातारी मागून ओरडली, "कप्तान, इतके दिवस कुठे होतात? तुमचा तो मदतनीस धक्क्याला आपटतो, माझं कंबरडं मोडलं." मदतनीस लाजला. कप्तान म्हणाले, "तब्येत बरी नव्हती, आजी." आजी म्हणाल्या, "आता बरी आहे ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आहे तशी घेऊन चाललोय."

पलीकडच्या काठाला बोट इतकी अलगद टेकली की कुणाला कळलंही नाही. परत येताना त्यांना पुन्हा एकदा आलं, मला नाही आलं. इकडे उतरलो तेव्हा तुम्ही वळलात, आमचे ओले चेहरे पाहून घाबरलात आणि विचारलंत, "काय झालं?" आम्ही दोघंही म्हणालो, "काही नाही." तुम्ही चिडलात, ते बरोबरच होतं. दोघंही हसत सुटलो होतो आणि सांगायला आवाज नव्हता.

तर झालं ते असं. आज मी कामावर गेले. एका शिक्षिकेची कवळी करायची होती. छटांचा डबा उघडून खिडकीच्या उजेडात बराच वेळ निवडत बसले. मालकीणबाई म्हणाल्या, "आज काय ताजमहाल बांधतेस?" आणि माझ्याकडे बघून थांबल्या. म्हणाल्या, "आलीस वाटतं."

मी म्हटलं, "हो. ताईंनी पाठवलं."